अमेरिकेच्या शाळेत मराठी मूल: नव्याने आलेल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१२ च्या जानेवारीत आम्ही सांगलीहून न्यू जर्सीला आलो, तेव्हा मुलगा दुसरीत होता. आता मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत वर्गात मदतनीस म्हणून काम करते. दर ऑगस्टमध्ये नव्या मराठी घरांतून फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. शाळांचे नियम राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक, म्हणजे शाळांच्या स्थानिक विभागागणिक, बदलतात. जिथे केंद्राचा कायदा सगळीकडे लागू आहे तिथे तसं सांगितलं आहे, बाकी उदाहरणं जास्त करून न्यू जर्सीची आहेत.

प्रवेशाच्या वेळी शाळा व्हिसा बघते का?

नाही, आणि बघूही नये. १९७५ मध्ये टेक्सासने असा कायदा केला होता की कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी सरकारी पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. तोच निकाल आजही लागू आहे. एच-४ असो, एफ-२ असो (नोकरीसाठी किंवा शिकायला आलेल्यांच्या कुटुंबाचे व्हिसा), व्हिसाची मुदत संपलेली असो, बारावीपर्यंत मूल सरकारी शाळेत बसू शकतं. सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना दिसला तर तो रिकामा ठेवा. नंबर नाही म्हणून प्रवेश अडत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण यात लोक फसतात. सहा महिन्यांसाठी बी-२, म्हणजे पर्यटक, व्हिसावर आलेल्या भाच्याला 'तेवढीच शाळा बघेल' म्हणून दाखल करू नका. शाळा विचारणार नाही, पण त्या व्हिसावर शाळा शिकायला परवानगी नाही, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ते आड येऊ शकतं.

मग शाळा कागद कोणते मागते?

जन्मदाखला किंवा पासपोर्ट, राहत्या घराचा पुरावा (भाडेकरार, विजेचं बिल), आधीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाची नोंद. नातेवाइकांकडे उतरला असाल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र चालतं.

घोळ होतो तो लसींमध्ये. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नसते. इथे तिन्हींची एकत्र लागते. शिवाय पहिल्या वाढदिवसाच्या आधी, नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे धरत नाहीत. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे बहुतेक शाळा मागतात. एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंबही इथे मोजत नाहीत. त्यामुळे 'सगळ्या लसी झाल्यात' असं कार्ड दाखवूनही नर्स तीन-चार सुया सांगते, आणि आपल्याला वाटतं भारतातली नोंद यांना खोटी वाटते. तसं काही नसतं. वेळापत्रकं वेगळी आहेत, इतकंच. विमा नसेल तर 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' या केंद्र सरकारच्या योजनेत लस मोफत मिळते.

क्षयाची चाचणी मागितली तर हातावरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर गाठ उठू शकते आणि मग छातीचा एक्स-रे, आणखी फेऱ्या असा ताप वाढतो. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

महाराष्ट्रात पहिलीत होती, इथे परत किंडरगार्टनमध्ये का घालतात?

किंडरगार्टन म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. इयत्ता बहुतेक वयावर ठरते आणि वयाची तारीख सगळीकडे सारखी नाही. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबर धरतात. इथे न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर, कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, न्यू जर्सीत पुष्कळ ठिकाणी १ ऑक्टोबर. नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल त्यामुळे एक वर्ग मागे जाऊ शकतं. वाद घालता येतो, कधी ऐकतातही. पण माझं मत विचाराल तर लहान वयात एक वर्ग मागे गेलेल्या मुलाचं काही बुडत नाही, आणि नवीन देशात ते वर्ष त्याला उपयोगीच पडतं.

फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असं विचारलंय. इंग्रजी लिहू का? मराठी लिहिलं तर खालच्या वर्गात टाकतील अशी भीती वाटते.

मराठी लिहा. या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकले.

मुलगा सांगलीत इंग्रजी माध्यमात होता. त्यामुळे मी फॉर्मवर 'इंग्रजी आणि मराठी' लिहिलं. शाळेने चाचणी घेतली आणि घरी पत्र आलं की याला ईएसएलची, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची, मदत द्यायची आहे. मला वाटलं, आपला मुलगा कच्चा ठरला. पत्राच्या खाली 'मदत नको' असा चौकोन होता. मी त्यावर खूण करून सही केली. शाळेतून कुणी फोन करून समजावलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढचे चार महिने तो वर्गात मान खाली घालून बसायचा. इंग्रजी वाचता यायचं त्याला. पण टीचर भराभर बोलायच्या ते कळायचं नाही, आणि 'पार्डन' म्हणायचं धाडस नव्हतं.

तो फॉर्म भाषेची मदत कुणाला लागेल हे शोधण्यासाठी असतो. मूल हुशार की ढ, ते त्यातून ठरत नाही. त्यामागेही एक खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि शाळा त्यांना काहीच मदत देत नव्हती. १९७४ च्या 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान शिक्षण होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याला त्यातून काय मिळणार? म्हणून मदत देणं हे शाळेचं कायदेशीर काम आहे, मेहेरबानी नव्हे.

चाचणीनंतर, वर्षाच्या सुरुवातीला असाल तर ३० दिवसांत आणि मध्येच आला असाल तर दोन आठवड्यांत, शाळेने पालकांना कळवायला हवं: मुलाची पातळी काय, मदत कशी देणार, त्यातून बाहेर कसं पडायचं. नको म्हणायचा हक्क पालकांना आहे. पण नको म्हटलं तरी दरवर्षीची इंग्रजीची चाचणी द्यावीच लागते. न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत ती 'विडा' या अनेक राज्यांच्या सामायिक संस्थेची असते, टेक्सास, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कच्या आपापल्या आहेत. म्हणजे नको म्हटल्याने शिक्का पुसला जात नाही, फक्त मदत जाते. पाचव्या महिन्यात मी शाळेत जाऊन परत सही केली. तसं करता येतं, कधीही.

मुलगी शाळेत तोंडच उघडत नाही. तीन महिने झाले. काळजी करू का?

घरी नेहमीसारखी बडबडते का? खेळते, जेवते, झोपते? मग थोडं थांबा. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात. त्या काळात त्यांच्या आत पुष्कळ काही साठत असतं. वर्गात मी पाहते, अशी मुलं एक दिवस अचानक अख्खं वाक्य बोलतात, आणि तेही बहुतेक मैदानावर, टीचरसमोर नाही.

मैदानावरचं इंग्रजी साधारण एक-दोन वर्षांत येतं. विज्ञानाचा धडा वाचून त्यावर परिच्छेद लिहिण्याचं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. हा फरक कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिला आणि शाळेत काम करताना मला तो रोज दिसतो. म्हणून 'आता ती फाडफाड बोलते, ईएसएल बंद करा' अशी घाई करू नका. आणि बोलता येऊनही सामाजिक शास्त्रात सी मिळाला म्हणून रागावू नका.

घरीसुद्धा ती गप्प झाली असेल, पोटात दुखतं म्हणून रोज सकाळी रडत असेल, तर मात्र वाट बघू नका. शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे समुपदेशकाला, भेटा. तो फक्त 'प्रॉब्लेम' असलेल्या मुलांसाठी असतो हा आपला गैरसमज आहे.

मग घरी इंग्रजीच बोलावं का?

नाही. तुम्हाला ज्या भाषेत रागावता येतं, लाड करता येतात, पानिपतची गोष्ट सांगता येते, त्या भाषेत बोला. मराठीत ज्याला 'बाष्पीभवन' कळलंय त्याला इंग्रजी शब्द फक्त चिकटवायचा असतो. ज्याला कुठल्याच भाषेत कळलं नाही त्याला दोन्ही शिकायचं असतं. घरचं मोडकं इंग्रजी ऐकून मुलाचं इंग्रजी सुधारत नाही. आईशी बोलणं मात्र कमी होतं. माझ्या ओळखीच्या दोन घरांत मूल आणि आजी आता एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. तिथे जेवायला बसलं की मला गलबलून येतं.

अजूनही काही जण, कधी डॉक्टरसुद्धा, 'मूल उशिरा बोलतंय, एकच भाषा ठेवा' असं सांगतात. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं याला आधार नाही. रविवारची मराठी शाळा जवळ असेल तर जरूर घाला. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेशी, जोडलेल्या अशा शाळा बऱ्याच गावांत आहेत. आणि मूल मोठं झालं की शाळेत 'सील ऑफ बायलिटरसी'बद्दल विचारा. कॅलिफोर्नियात २०११ मध्ये सुरू झालेला हा मान दोन भाषा चांगल्या येणाऱ्या मुलांना हायस्कूलच्या पदवीपत्रावर मिळतो.

टीचरला 'मृण्मयी' म्हणता येत नाही. 'माया' ठेवू का?

तिला विचारा. तिला हवं असेल तर ठेवा, टीचरच्या सोयीसाठी नको. फोनवर नाव सावकाश म्हणून पाठवा, 'मृण-मयी' असं तोडून लिहून द्या. पहिल्या आठवड्यात चुकतील, तिसऱ्या आठवड्यात येईल. 'चालेल चालेल, काहीही म्हणा' असं आपण हसून म्हणतो, तिथे ते नाव संपतं.

कागदावरची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, इथे मुलाला त्याच नावाने हाक मारतात असं झालेलं मी पाहिलं आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन', म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं, आणि मुलाचं नाव वर्गाच्या यादीत 'फनू' होतं. पहिल्याच दिवशी ऑफिसमध्ये सांगून दुरुस्त करून घ्या.

डबा तसाच परत येतो.

आधी घड्याळ बघा. जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, त्यात रांग, डबा उघडणं, गप्पा. वरण-भात कालवून खायला वेळच नसतो. पोळीचा रोल, थालीपिठाचे तुकडे, दहीभात तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये. झाकण स्वतः उघडता येतं का ते घरी बघून घ्या. पहिलीतल्या कितीतरी मुलांचा डबा फक्त झाकणामुळे न खाता परत जातो.

मग विचारा, कुणी काही म्हणालं का? 'शी, हा कसला वास' हे एक वाक्य मुलाला पोळी-भाजीपासून कायमचं तोडू शकतं. टीचरला सांगा. चांगली टीचर वर्गात त्याबद्दल बोलते.

शेंगदाण्याचं मात्र कडक आहे. चिक्की, दाण्याची चटणी, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी हे काही शाळांत अजिबात चालत नाही, काही ठिकाणी वेगळं टेबल असतं. शेजारच्या मुलाचा जीव जाऊ शकतो, तेव्हा यात सूट मागू नका. शाळेचं जेवण घेत असाल तर पेपरोनीत गोमांस असू शकतं, मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असतं. काय चालत नाही ते कॅफेटेरियाला लिहून द्या. मोफत किंवा सवलतीच्या जेवणाचा अर्ज उत्पन्नावर असतो, व्हिसावर नाही. कॅलिफोर्निया आणि मेनसारख्या काही राज्यांत तर सगळ्याच मुलांना मोफत आहे.

शाळा म्हणते मुलाचं 'इव्हॅल्युएशन' करायचंय. म्हणजे मतिमंद ठरवणार?

तो शब्द आधी आपणच टाकून देऊ. वाचनात अडचण, लक्ष लागणं, बोलणं, ऑटिझम, अशा कशासाठीही हे होतं आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे संमती दिल्यापासून साधारण ६० दिवसांत ते पूर्ण व्हायला हवं, राज्याची मुदत वेगळी असू शकते. मदत लागते असं ठरलं तर मुलासाठी आयईपी नावाची लेखी योजना होते, आणि तिच्या बैठकीत तुम्ही बरोबरीचे सदस्य असता.

दोन गोष्टी पकडून ठेवा. केवळ इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला दिव्यांग ठरवता येत नाही. आणि चाचणी शक्य तितकी मुलाच्या भाषेत घ्यायची असते. 'मराठीत कोण घेणार' असं म्हणाले तर शांतपणे सांगा, ही मागणी लिहून घ्या. उलट बाजूही आहे: 'इंग्रजी आलं की होईल ठीक' म्हणत खरी अडचण तीन वर्षं लांबवलेली मुलंही मी पाहिली आहेत. ते मूल मराठी तरी नीट बोलतं का, हा प्रश्न टीचरला विचारता येत नाही. त्याचं उत्तर तुमच्याकडेच असतं, तेव्हा ते आपणहून सांगा.

मुलं ऐकत नाहीत. एक चापट मारली तर काय होतं?

मुलाच्या अंगावर वळ दिसला किंवा ते वर्गात बोललं, तर टीचरला ते सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. ती तुमची मैत्रीण असली तरी. यात तिचा राग नसतो, तिची नोकरी आणि कायदा असतो. घरी अधिकारी येऊन गेलेली कुटुंबं मला ठाऊक आहेत आणि त्या आईबापांची अवस्था मी पाहिली आहे. हात आवरता येत नसेल तर त्याच काउन्सेलरकडे मदत मागा.

आमच्या मुलाला चिडवतात, रंगावरून, टिळ्यावरून.

तोंडी सांगू नका, लिहून द्या. तारीख, जागा, शब्द. न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आल्यावर मुख्याध्यापकांना एका शालेय दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि दहा शालेय दिवसांत ती संपवावी लागते. इतर राज्यांचे नियम शाळेच्या संकेतस्थळावर मिळतात.

मुलगा दहावीची परीक्षा देऊन आलाय. आता?

हायस्कूल इथे चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी, आणि हायस्कूलच्या पदवीसाठी क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांचे अंक, मोजतात. महाराष्ट्र बोर्डाची आठवी, नववी, दहावीची गुणपत्रकं घेऊन काउन्सेलरसोबत बसा आणि कुठल्या विषयाचं क्रेडिट मिळालं ते लिहून घ्या, नाहीतर केलेलं बीजगणित परत करायला लावतात. एच-४ वरच्या मुलांचं २१ व्या वर्षी अवलंबित्व संपतं. केंद्राची शैक्षणिक मदत त्यांना मिळत नाही आणि राज्यातल्या विद्यापीठात कमी फी लागेल का ते राज्यावर आहे. हे सगळं त्याच्याशी नववी-दहावीतच मोकळेपणाने बोला. बारावीच्या डिसेंबरमध्ये मित्रांकडून कळणं फार वाईट.

नोकरी गेली. घर सोडून मित्राकडे राहतोय. शाळा बदलावी लागेल?

लगेच नाही. अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरी राहणारी मुलं १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात येतात. त्यांना जुन्याच शाळेत राहता येतं, किंवा कागद अपुरे असतानाही नव्या शाळेत लगेच प्रवेश मिळतो. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी नेमलेली व्यक्ती असते. लाज वाटते म्हणून आपली माणसं हे सांगतच नाहीत.

इमिग्रेशनचे अधिकारी शाळेत येतील का, हेही हल्ली विचारतात. शाळा, देवळं अशा जागा टाळण्याचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं, हे खरं. पण १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार, म्हणजे शालेय नोंदी खाजगी ठेवण्याच्या कायद्यानुसार, मुलाची माहिती शाळा पालकांच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय सहसा देऊ शकत नाही. नाव-पत्त्यासारखी 'डिरेक्टरी' माहितीही बाहेर देऊ नका, असं वर्षाच्या सुरुवातीला लिहून देता येतं.

डिसेंबरमध्ये दीड महिना भारतात जायचंय.

शाळेचे दिवस साधारण १८० असतात. १८ दिवस गैरहजेरी झाली की मूल 'सतत गैरहजर' गणलं जातं, आणि लांब रजेत काही ठिकाणी नाव कापून परत प्रवेश घ्यायला लावतात. आधी विचारा. उन्हाळ्यात जाणं सोपं. दिवाळीची एक दिवसाची रजा मात्र बिनधास्त मागा. न्यूयॉर्क शहरात तर २०२४ पासून शाळांना दिवाळीची सुट्टीच आहे.

आजी-आजोबा सोडायला-आणायला जातील. चालेल?

त्यांचं नाव ऑफिसच्या यादीत आधी घाला आणि त्यांच्याकडे पासपोर्टची प्रत द्या. नाहीतर नातू समोर रडत असूनही मूल ताब्यात देणार नाहीत. औषधही दप्तरात देऊ नका. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म भरून नर्सकडे द्यायचं.

टीचरला आमच्याबद्दल काय सांगू?

आपलं मूल मोठ्यांच्या डोळ्यांत बघत नाही, कारण त्याला तसं शिकवलंय. ते मान हलवतं तेव्हा 'हो' म्हणत असतं. तारीख आधी दिवस मग महिना अशी लिहितं, भागाकार उजवीकडे मांडतं, एक लाखात स्वल्पविराम वेगळ्या जागी देतं. उत्तर देताना उभं राहतं. एवढं सांगितलं तरी टीचरच्या मनातले दहा गैरसमज जातात.

मला इंग्रजी नीट येत नाही. शाळेत गेले तर मुलालाच भाषांतर करायला लावतात.

त्याला लावू नका, शाळेलाही लावू देऊ नका. आपल्याविरुद्धची तक्रार आठ वर्षांच्या मुलाने आईला कशी सांगायची? महत्त्वाच्या गोष्टी पालकांना कळतील अशा भाषेत सांगणं हे शाळेचं काम आहे, आणि आयईपीच्या बैठकीला दुभाष्या देण्याची जबाबदारी तर केंद्राच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. मराठी दुभाष्या बहुतेक शाळांत नसतो, पण फोनवरची सेवा असते. 'हिंदी चालेल का' असं विचारतील. चालत असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा.

पहिला ई-मेल मराठीत लिहिलात तरी चालेल. मी बायकांना असा लिहून देते:

'नमस्कार. मी मृण्मयीची आई, दुसरी इयत्ता. आम्ही घरी मराठी बोलतो. मला तुम्हाला भेटायचं आहे आणि भेटीच्या वेळी मराठी दुभाष्या हवा आहे. मृण्मयी दुपारी कुणासोबत जेवते, ते मला सांगाल का?'